पंचेचाळीस सेंटिमीटरचा जिना

मंगळवार, १२ मार्च २०१९ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बँकेच्या माणसाने माझ्या दारावर नोटीस चिकटवली आणि बेल न वाजवता तो निघून गेला. नोटिशीत अकरा परिच्छेद, दोन सह्या आणि एक गोल शिक्का होता. लिलावाला सदतीस दिवस उरले होते. मी चष्मा आणून सगळे परिच्छेद उभ्याने वाचले. कर्जदार माझा धाकटा भाऊ, जामीनदार त्याची बायको, मालमत्ता ‘घराचा उजवा अर्धा भाग, तळमजला व पहिला मजला’. माझा भाग डावा आहे.

चूक कशी झाली ते उघड होते. आमची दोन दारे शेजारी शेजारी आहेत, मध्ये वीस सेंटिमीटरचा खांब आहे आणि घराचा क्रमांक दोघांचा एकच आहे. तरीही दुसऱ्याचे दिवाळे माझ्या दारावर लटकावे हे मला मान्य नव्हते. खळ अजून ओली होती. मी पातळ पाते आणून कागद एकही कोपरा न फाटता सोडवला, धाकट्याच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला लावला आणि वरची कड सरळ आहे ना ते पाणसळ धरून पाहिले. या सगळ्याला सात मिनिटे लागली. परत निघालो तेव्हा धाकट्याची बायको खिडकीत उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी पाणसळीकडे. बोलण्याचा प्रश्न नव्हता; दोन्ही घरांतले पुरुष अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते आणि बायका बोलत असल्या तर आमच्यासमोर नव्हे.

दुपारी चार वाजता बँकेचा दुसरा माणूस येऊन धाकट्याच्या दाराचे छायाचित्र काढून गेला.

‘‘त्यांच्या दारावर लावलीत म्हणे नोटीस,’’ संध्याकाळी ही म्हणाली.

‘‘योग्य दारावर लावली.’’

‘‘पाणसळ कशाला लागली?’’

‘‘मग काय वाकडी लावायची होती?’’

‘‘छे. तुम्ही कुठलं वाकडं लावायला. तुम्ही फक्त वाकडं बोलता.’’

भांडण लेथवरून झाले होते. वडिलांचा लेथ, म्हणजे लोखंड कातायचे यंत्र, मागच्या शेडमध्ये होता. तंत्रनिकेतनात शिकत असताना माझा हात त्याच्यावर बसला आणि त्या हातावर मी कारखान्याच्या मापन विभागात चौतीस वर्षे काढली. एकदा कारखान्याच्या कामासाठी मी दोन महिने परगावी होतो, तेवढ्यात धाकट्याने लेथ भंगारात विकला, कारण त्या जागेत त्याला छपाईचे यंत्र बसवायचे होते. मी परत आलो तेव्हा टेबलावर एक पाकीट होते. त्यात आलेल्या पैशांतले निम्मे पैसे आणि वजनकाट्याची पावती होती: सहाशे चाळीस किलो. मी त्याच आठवड्यात वाटणी मागितली.

नकाशा मीच काढला. घरात जिना एकच होता, मधोमध, एक मीटर रुंद. धाकटा म्हणाला, जिना तेवढा सामाईक ठेवू. मी म्हणालो, सामाईक काही नको. मग दहा सेंटिमीटर जाडीची भिंत जिन्याच्या बरोबर मध्यावरून तळापासून छपरापर्यंत चढली आणि दोघांच्या वाट्याला पंचेचाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरचा जिना आला. माणूस त्यावरून चढतो, पण खांदे तिरके करून. कपाट, पलंग, गादी हे सगळे वरच्या खिडकीतून दोराने ओढून घ्यावे लागते. त्या जिन्याबद्दल माझ्या बायकोने अकरा वर्षांत जे म्हटले आहे ते मी येथे लिहीत नाही.

धाकट्याने पुढे दुसरे, मोठे यंत्र घेतले आणि त्यासाठी घराचा आपला भाग गहाण टाकला. यंत्र आले, गिऱ्हाइके गेली. हप्ते थकले.

मला कोणी विचारले नव्हते, पण शेजारी कोण येणार हा प्रश्न माझाही होता. म्हणून मी आलेखाचा कागद घेतला आणि त्याच्यापुढे कोणते मार्ग उरले आहेत ते मांडले. लिलावाच्या दिवसापर्यंतचे देणे, व्याज आणि खर्च धरून, अठ्ठावीस लाख बारा हजार होणार होते. बँकेने राखीव किंमत धरली होती चोवीस लाख, त्याला कारण अर्थातच तो जिना. लिलावात तेवढेच आले तर चार लाख बारा हजार कमी पडणार आणि ते जामीनदाराच्या पगारातून महिन्यामहिन्याला कापले जाणार. जामीनदार म्हणजे धाकट्याची बायको. ती शाळेत गणित शिकवते. आमच्या घरात तिला मास्तरीणबाई म्हणतात, ती नसताना.

सगळे देणे भरून घर सोडवणे हा सरळ मार्ग, पण आडातच नव्हते. बँकेशी एकरकमी तडजोड करता येते, बँक थोडे सोडते, पण ठरलेली रक्कम एका दमात द्यावी लागते; तसे पत्र त्याला सहा महिन्यांपूर्वी मिळाले होते आणि त्याने ते मुदत उलटेपर्यंत खणात ठेवले होते, हे मला हिच्याकडून कळले. प्रक्रियेत दोष दाखवून हरकत घेतली तर काही महिने मिळतात, घर मिळत नाही. पण त्या महिन्यांत गिऱ्हाईक शोधता येते. खरा मार्ग तोच होता: लिलावाआधी स्वतः गिऱ्हाईक आणायचे, बँकेची संमती घ्यायची, रीतसर विकायचे, बँकेचे बँकेला देऊन उरेल ते आपले. त्याखेरीज हात बांधून बसणे हाही एक मार्ग असतो, आणि धाकटा स्वभावाने त्याच मार्गाचा.

रविवारी, २४ मार्चला, मास्तरीणबाई आमच्या दारात आली. हिने तिला आत ओढले. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

‘‘भाऊजी, बसायला आले नाही. वकिलाकडे जाऊन आले, ते सांगायला आले.’’

‘‘सांग.’’

‘‘त्यांनी पहिला प्रश्न विचारला, नोटीस कुठं लावली होती. मी म्हटलं, आधी शेजारच्या दारावर. तर ते खुर्चीत सरळ होऊन बसले. फोटो आहे का, म्हणाले. चुकीच्या दारावर लावलेली नोटीस म्हणजे लावलीच नाही. बँकेला सगळं नव्यानं करावं लागलं असतं. तीन महिने तरी मिळाले असते.’’

मी चष्मा काढून हातात घेतला.

‘‘मी म्हटलं, फोटो नाही. मी फोन शोधेपर्यंत आमच्या भाऊजींनी ती काढून आमच्या दारावर लावली. वकील म्हणाले, तुमचे भाऊजी बँकेत आहेत का?’’

स्वयंपाकघरात हिने पातेले जरा जोरात ठेवले.

‘‘मला हे माहीत नव्हतं,’’ मी म्हणालो.

‘‘माहीत असतं तर लावली नसतीत?’’

प्रश्न वर्गात विचारावा तसा होता. उत्तर एकच आणि ते तिला आधीच ठाऊक. मी चष्मा पुसला.

‘‘तेवढ्यासाठी आलीस?’’

‘‘नाही. गिऱ्हाईक मिळालंय.’’ चौकातल्या चष्म्याच्या दुकानाची मालकीण घर पाहून गेली होती. खोल्या तिला पसंत होत्या, एक्केचाळीस लाख द्यायला ती तयार होती. ‘‘पण वडील सोबत आहेत, काठी घेऊन चालतात. जिना बघून म्हणाल्या, यातून बाबांची काठी जाईल, बाबा जाणार नाहीत. भिंत काढून जिना एक झाला तर घेतील. दहा एप्रिलच्या आत. पुढं थांबणार नाहीत, त्यांना दुसरंही एक घर दाखवलंय कोणीतरी.’’

‘‘म्हणजे भिंत पाडायची.’’

‘‘पाडायची, जिना सामाईक करायचा, आणि तसं कागदावर तुमची सही. एक्केचाळीसमधून बँकेचे गेले तर तेरा लाख उरतात, भाऊजी. दोन खोल्या होतात कुठंतरी.’’

‘‘बारा लाख अठ्ठ्याऐंशी हजार.’’

‘‘बघा. हिशेब तुम्ही करूनच ठेवलाय.’’

‘‘त्याला पाठव.’’

‘‘ते येणार नाहीत.’’

‘‘मग भिंतही जाणार नाही.’’

‘‘मी आले ते चालत नाही?’’

‘‘लेथ तू विकला नव्हतास.’’

ती उठली. दाराशी पोचल्यावर माझ्याशी नव्हे, हिच्याशी बोलली. ‘‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, जाऊबाई. आपल्याला दोन सुंभ मिळाले.’’

धाकटा गुरुवारी आला, २८ मार्चला, संध्याकाळी साडेसहाला. अकरा वर्षांत त्याने आमचा उंबरा ओलांडला नव्हता आणि त्याही दिवशी ओलांडला नाही. बोटांना शाई होती. केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेले पाहून मला आश्चर्य वाटले. तो सात वर्षांनी लहान आहे.

‘‘बोल,’’ मी म्हणालो.

‘‘तू बोलावलंस.’’

‘‘मी बोलावलं नाही. अट घातली.’’

‘‘बरं, अटीप्रमाणे हजर आहे. लेथ विकला ते चुकलं. झालं?’’

‘‘अकरा वर्षं लागली एवढं म्हणायला?’’

‘‘अकरा वर्षांत विचारलं कोणी? तू भिंत बांधलीस. विचारलं नाहीस.’’

‘‘चुकलं ते लिहून दे. तारीख घाल.’’

‘‘अंगठा पण देऊ का? शाई आहेच हाताला.’’

हिने मागून ‘‘अहो’’ म्हटले. त्या एका शब्दाचे किती अर्थ होतात ते चाळीस वर्षे संसार केलेल्यालाच कळते. लेखी माफीचा मुद्दा मी सोडला आणि पुढच्या मुद्द्यावर आलो.

‘‘पाडायचा खर्च तुझा. राडारोडाही तू उचलायचा.’’

‘‘भिंत तुझी, विटा तुझ्या, आणि उचलू मी?’’

‘‘गरज तुझी आहे.’’

‘‘हो, आहे. तीच तर बघायला उभा आहेस तू.’’

‘‘दोन घनमीटर माल निघेल. एका छोट्या ट्रकचं काम. मी अडुसष्टाव्या वर्षी पाट्या वाहू का?’’

‘‘बांधताना वाहिल्या होत्यास. भिंत म्हटल्यावर तुला कुठून जोर येतो ते मी पाहिलंय.’’

तो गेला. पुढचे पाच दिवस राडारोड्यावर गेले. दोन घनमीटर विटा-माती कोणी उचलायची यावर चिठ्ठ्या निघाल्या. त्या चिठ्ठ्या आमच्या बायका एकमेकींना पोचवत होत्या आणि पोचवण्याआधी, मला नंतर कळले, त्यातले निम्मे शब्द गाळत होत्या. मंगळवारी, २ एप्रिलला ठरले: गवंड्याची मजुरी मी द्यायची, राडारोडा त्याने उचलायचा. चार दिवसांत भिंत जाईल असे मी लेखी दिले. सही केली, तारीख घातली.

बुधवारी गवंडी आला. भिंत ज्याने बांधली होती तोच मी मुद्दाम बोलावला होता.

‘‘साहेब, तुम्हीच म्हणाला होतात, अशी बांध की नातवंडांनी पाडायची म्हटली तरी पडू नये.’’

‘‘आता पाड.’’

‘‘पाडतो की. पण तुमच्या शब्दाला जागून बांधलीय, तेवढं लक्षात ठेवा.’’

येथे थोडे बांधकामाविषयी सांगणे भाग आहे. भिंत नुसती पायऱ्यांवर रचली असती तर तिचा भार जिन्याच्या स्लॅबवर आला असता. म्हणून मी तिला जमिनीत स्वतंत्र पाया दिला होता आणि ती सरळ वर जावी यासाठी स्लॅबला मधोमध, खालपासून वरपर्यंत, लांब खाच पाडून घेतली होती. मग प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंनी सळी घालून पायऱ्या भिंतीत अडकवल्या होत्या. या सगळ्याचा नकाशा माझ्याकडे होता. सळ्या कापायच्या, वरून खाली विटा काढत यायचे, खाच काँक्रीटने भरायची. चार दिवसांचे काम. वडिलांनी बांधलेल्या मूळ जिन्याचा नकाशा मात्र कोणाकडेच नव्हता. स्लॅबमधल्या मुख्य सळ्या जिन्याच्या लांबीने, खालून वर गेलेल्या असणार असे मी अकरा वर्षांपूर्वी गृहीत धरले होते. बहुतेक जिन्यांत त्या तशाच असतात.

वरच्या तीन सळ्या कापून झाल्या आणि गवंड्याने एक वीट काढली. त्या वीटभर भोकातून धाकट्याच्या बाजूचा उजेड आला. तेवढ्यात पायरीखाली बारीक आवाज झाला. मी टॉर्च धरला. धाकट्याच्या बाजूच्या अर्ध्या स्लॅबला बाहेरच्या भिंतीलगत भेग पडली होती. भेगेत पोलादी पाती सरकवून रुंदी मोजायचा फीलर गेज लावला: शून्य पूर्णांक तीन दशांश मिलिमीटर. एक वाजता पुन्हा लावला: शून्य पूर्णांक नऊ दशांश.

‘‘थांब,’’ मी म्हणालो.

गवंड्याने खाचेची कड छिन्नीने उघडून दाखवली. अकरा वर्षांपूर्वी कापलेल्या, स्लॅबमधल्या सळ्यांची टोके तिथे रांगेने दिसत होती. खाच पाडताना मी त्यांना दुय्यम समजलो होतो; मुख्य सळ्या त्याच होत्या, आणि त्या जिन्याच्या लांबीने नव्हत्या. त्या आडव्या होत्या, एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत, आणि मी पाडून घेतलेल्या खाचेने त्यांतली एकूण एक मधोमध तोडली होती. अकरा वर्षे दोन्ही अर्धे जिने केवळ माझ्या भिंतीच्या आधाराने उभे होते. भिंत काढली की दोन्ही खाली येणार.

भोकातून धाकट्याचा अर्धा चेहरा दिसत होता.

‘‘काय झालं?’’

‘‘सळ्या आडव्या आहेत.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘म्हणजे भिंत काढता येणार नाही. जिनाच नवा घालावा लागेल.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘जुना पाडणं, सेंटरिंग, काँक्रीट, मग पाणी मारणं. बावीस.’’

‘‘पंधरा दिवसांवर लिलाव आहे.’’

‘‘मला माहीत आहे. माझी चूक आहे ही.’’

भोकातला अर्धा चेहरा बाजूला झाला. मग आवाज आला. ‘‘लिहून दे. तारीख घाल.’’

गवंड्याने मान खाली घातली. तो हसत होता की नाही ते मी पाहिले नाही. आम्ही खालून लाकडी टेकू लावले, आणि त्या दिवसापासून दोन्ही बाजूंना टेकूंमधून अंग चोरून वर जावे लागले.

चष्म्याच्या दुकानाच्या मालकिणीने मास्तरीणबाईचे सगळे शांतपणे ऐकून घेतले. ‘‘बावीस दिवसांनी जिना होईल, ताई,’’ ती म्हणाली, ‘‘पण तोवर घर तुमचं राहील का?’’ आठवड्याभरात तिने दुसरे घर घेतले.

शुक्रवारी मी बँकेत गेलो. रांगेत माझ्यापुढे चौथी मास्तरीणबाई उभी होती. दोघांचे काम एकच असल्याने वसुली अधिकाऱ्याने आम्हाला एकत्रच आत घेतले. मी त्याला भेगेची मापे दाखवली, नव्या जिन्याचे वेळापत्रक दिले आणि लिलाव तीन आठवडे पुढे ढकलावा अशी विनंती केली. नवा जिना झाला की घर एक्केचाळीसला जाते, बँकेचेही पूर्ण पैसे सुटतात, हे आकड्यांनिशी सांगितले.

‘‘जिना हा तुमच्या दोघांमधला विषय,’’ अधिकारी म्हणाला. ‘‘बँकेकडून कुठे कसूर झाली असेल तर सांगा.’’

‘‘नोटीस आधी चुकीच्या दारावर लावली होती,’’ मी म्हणालो.

मास्तरीणबाईने माझ्याकडे पाहिले.

‘‘असं?’’ त्याने फाइल उघडून छायाचित्र आमच्यापुढे सरकवले. ‘‘हे बघा. दार बरोबर, तारीख बरोबर. बावीस वर्षं वसुलीत आहे, इतकी सरळ लावलेली नोटीस मी पाहिली नाही. आमच्या माणसाचं मी कौतुकसुद्धा केलं.’’

‘‘ती मी लावली.’’

‘‘तुम्ही? कोणत्या नात्यानं?’’

त्याला उत्तर नको होते. त्याने फाइल बंद केली. बाहेर आल्यावर मास्तरीणबाई म्हणाली, ‘‘आज सांगितलंत, भाऊजी. आज त्याला काय अर्थ आहे?’’ आणि ती पलीकडच्या फुटपाथने घरी गेली.

११ एप्रिलला मालमत्ता पाहण्याचा दिवस होता. तीन गिऱ्हाइके आली. एक दलाल जिना पाहून खालच्या खालीच परतला, तरी अनामत भरतो म्हणाला. एक जोडपे टेकू पाहून परतले. तिसरा गोदामवाला. गावात पडेल भावाने घरे घ्यायची आणि त्यांत खोकी भरायची हा त्याचा धंदा होता. त्याने जिन्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

‘‘मला जिना कशाला? खोकी काय पायांनी चढतात? खिडकीला कप्पी लावीन.’’ मग तो माझ्या दाराकडे वळला. ‘‘तुम्हीच का ते भाऊ? पहाटे पाचला गाडी लागेल इथं. झोप लवकर मोडते का तुमची?’’

‘‘मोडते.’’

‘‘मग उत्तम. आणि तुमची बाजू कधी काढायची ठरली तर मला सांगा. घाई नाही. माणसं आपोआप येतात माझ्याकडे.’’

तो गेल्यावर मी आलेखाचा कागद पुन्हा काढला. त्याच्यासमोर बोली लावणारा कोणी नसेल तर घर चोवीस लाखांवर दहा-वीस हजारांत जाणार. उरलेले चार लाख मास्तरीणबाईच्या पगारातून.

‘‘आपल्याकडे किती आहेत?’’ हिने विचारले.

‘‘ठेवी मोडल्या तर तीस लाख वीस हजार.’’

‘‘सगळ्या?’’

‘‘सगळ्या.’’

हिने आलेखाचा कागद आपल्याकडे ओढून घेतला. ‘‘नोटीस लावताना मला विचारलं नाहीत,’’ ती म्हणाली. ‘‘भिंत बांधताना विचारलं नाहीत. आज विचारताय, तर सांगते. लावा बोली. आणि त्यांना सांगा की लावताय.’’

‘‘कशाला सांगू? तो म्हणेल, उपकार मोजतो.’’

‘‘मोजताच तुम्ही.’’

मी सांगितले नाही. १६ तारखेला राखीव किमतीच्या दहा टक्के, म्हणजे दोन लाख चाळीस हजार, अनामत भरून आलो.

लिलाव गुरुवारी, १८ एप्रिलला, अकरा वाजता बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाला. अनामत भरणारे तीन: दलाल, गोदामवाला आणि मी. कर्जदाराला हजर राहता येते. धाकटा आणि मास्तरीणबाई शेवटच्या रांगेत बसले होते. ही माझ्यासोबत न बसता मास्तरीणबाईशेजारी जाऊन बसली. अधिकाऱ्याने बोली लावणाऱ्यांची नावे वाचली. माझे नाव आले तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

‘‘हा इथं कशाला?’’ धाकटा म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेले.

‘‘शांत बसा,’’ अधिकारी म्हणाला.

दलालाने चोवीस लाख दहा हजार म्हटले. गोदामवाल्याने वीस. मी पंचवीस लाख म्हटले. दलालाने कागदाची घडी केली आणि पंख्याकडे पाहत बसला. त्यानंतर आम्ही दोघेच. गोदामवाला पाच-दहा हजारांनी चढत होता, मी पन्नास हजारांनी, कारण हळू चढणाऱ्याकडे पैसे कमी आहेत असे समोरचा समजतो. सव्वीस लाखांवर त्याने मान वळवली.

‘‘साहेब, भाऊबंदकी घरी करा ना. इथं आमचा धंदा आहे.’’

‘‘बोलीशिवाय बोलू नका,’’ अधिकाऱ्याने त्याला सांगितले.

‘‘सव्वीस दहा,’’ गोदामवाला म्हणाला.

‘‘सव्वीस साठ.’’

‘‘घे,’’ मागून धाकटा म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता. ‘‘तेवढंच राहिलं होतं. लेथच्या बदल्यात घर.’’

माझी मान वळली नाही. सत्तावीस झाले, सत्तावीस साठ झाले. माझी पुढची बोली अठ्ठावीस लाख वीस हजार होती. देणे तेथे संपत होते. आता मास्तरीणबाईच्या पगाराला हात लागणार नव्हता; त्याच्या पुढे जे येईल ते त्यांचेच होते. ज्या कामासाठी मी अनामत भरली ते काम त्या क्षणी झाले होते, आणि गोदामवाला तेथेच थांबला असता तर मी त्या जिन्याच्या दुसऱ्या अर्ध्याचाही मालक झालो असतो. तो थांबला नाही. अठ्ठावीस पन्नास म्हणाला. मी थांबू शकत होतो. पण पहाटे पाचची गाडी मला नको होती, आणि खरे सांगायचे तर ‘माणसं आपोआप येतात’ हे वाक्यही नको होते. एकोणतीस. एकोणतीस पन्नास. तीस. त्याने तीस दहा म्हटल्यावर माझ्या शेवटच्या पैशासकट मी तीस लाख वीस हजार म्हटले.

गोदामवाल्याने रुमालाने मान पुसली. ‘‘तीस चाळीस,’’ तो म्हणाला. ‘‘आता पुरे करा, साहेब. म्हातारपण आहे पुढं.’’

अधिकाऱ्याने आकडा तीनदा उच्चारला. तिसऱ्या वेळेपर्यंत मी काही बोललो नाही, कारण बोलायला काही शिल्लक नव्हते.

बाहेरच्या व्हरांड्यात धाकटा माझी वाट पाहत उभा होता.

‘‘सळ्या आडव्या आहेत म्हणालास,’’ तो म्हणाला. ‘‘आज कळलं कशा आडव्या होत्या. गिऱ्हाईक पळवून लावायचं, मग स्वतः बोली लावायची.’’

‘‘भेग तू पाहिलीस.’’

‘‘गवंडी तुझा, मापं तुझी, टॉर्च तुझा. मी काय पाहिलं?’’

‘‘अहो, आकडा बघा ना आधी,’’ मास्तरीणबाई म्हणाली. तिच्या हातात कागद होता आणि त्यावर तिने वजाबाकी केलेली होती. ‘‘पगारातून काही जात नाही. उलट—’’

‘‘तू त्याची बाजू घेऊ नकोस.’’

‘‘मी वजाबाकीची बाजू घेतेय.’’

‘‘घर हवं होतं ह्याला,’’ धाकटा तिला म्हणाला, माझ्याकडे पाहत. ‘‘तेही घेता आलं नाही.’’

ही काही सांगायला पुढे झाली. मी तिच्या दंडाला धरून थांबवले. माझ्याकडे वहीत भेगेची मापे होती, वेळेनिशी, आणि ती दाखवून त्या माणसाला काहीही पटणार नव्हते. शिवाय शेवटचे दोन लाख मी त्याच्यासाठी चढवले नव्हते, हेही खरे होते, आणि खोटे श्रेय घेण्याची मला सवय नाही.

२ मे रोजी त्यांनी भाग रिकामा केला. पलंग आणि कपाट वरच्या खिडकीतून दोराने उतरवले. खाली दोर धरायला माणूस कमी पडत होता. मी जाऊन धरला. धाकट्याने वरून पाहिले, गाठ सोडली नाही, दुसऱ्या माणसाची वाट पाहत पाव तास तसाच उभा राहिला. शेवटी मास्तरीणबाईने माझ्या हातातून दोर घेतला आणि स्वतः धरला.

सोमवारी, ६ मे रोजी, बँकेचे पत्र त्यांना मिळाले. तिने ते हिला फोनवर वाचून दाखवले आणि हिने सांगितले तसे मी उतरवून घेतले. विक्री: तीस लाख चाळीस हजार. देणे, व्याज व खर्च: अठ्ठावीस लाख बारा हजार. जामीनदाराकडून वसुली: नाही. कर्जदारास परत: दोन लाख अठ्ठावीस हजार.